उपेक्खा, उपेक्षा नव्हे

डोळ्यांदेखत दूध उतू गेलं तरी साळवे सर जागचे हलत नसत. नुसतं "उपेक्खा" म्हणत. काकू आतून ओरडत, "अहो, गॅस बंद करायला हात मोडले का?" सर म्हणत, "झालं ते झालं."

परतूरला मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग शेजारी. सर मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर दहा दिवस ध्यानशिबिराला गेले आणि येताना हा शब्द घेऊन आले. काकूंना तो 'उपेक्षा' असाच ऐकू येई. "माझी उपेक्षा करतात ते करतात, वर तोंडानं सांगतात!" मग सर रिकाम्या हवेत खडू चालवल्यासारखा हात फिरवीत. "अगं, उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. उपेक्खा पाली आहे. सुखानं फुगायचं नाही, दुःखानं खचायचं नाही." त्यांचं 'नाही' अगदी स्वच्छ. वर्गात कुणी 'न्हाई' म्हटलं की तासभर उभं करत. मी बरंचसं मराठी उभ्यानंच शिकलो.

मग काकूंच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. सर म्हणाले, "जे होईल ते पाहू," आणि पेपर उघडला. काकूंनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि वडीगोद्रीला भावाकडे निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "मला न्हाई करायचं ऑपरेशन. मी मेले तरी ह्यांचा चहा चुकायचा न्हाई."

मला सरांचा असा राग आला की विचारू नका. तावातावानं त्यांच्याकडे गेलो. सर बाजारभावाचं पान वाचत होते. सरांना गुंठाभरही शेती नाही.

"गाडी काढ," ते म्हणाले.

वडीगोद्रीला पोचलो तेव्हा काकू ओसरीत सुपात तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सर चपलांसकट समोर बसले. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मला लई भेव वाटून राह्यलं. तुझ्याबिगर न्हाई जमायचं मला."

मी घाईघाईनं रस्त्याकडे बघायला लागलो.

"मंग हे आधी सांगायला काय झाल्तं?" काकू म्हणाल्या आणि पिशवी आणायला उठल्या.

ऑपरेशन झालं, काकू बऱ्या झाल्या. गेल्या वर्षी गेले ते सरच. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो तो उठून सांगत होता: सर किती निर्विकार, किती अलिप्त, उपेक्खा जगलेला माणूस. शेवटी कुणीतरी काकूंपुढे माईक धरला.

"समद्याईचं बराबर हाय," काकू म्हणाल्या. "पर माझ्या बाबतीत त्यांना ते कधीच न्हाई जमलं."