चाकाखालचा ठोकळा

संग्रहालयातल्या जुन्या काळ्या मोटारीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावलेले दिसले आणि मी नकळत खाली बसून त्यातला एक दोन्ही हातांनी दाबून धरला.

मी आठ वर्षांची होते. आमच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर मोटार चढवून पलीकडे न्यायची. त्या दिवशी आईच्या पोटात दिवस भरायच्या आधीच दुखू लागलं, म्हणून शेजारच्या पांडूकाकांनी तिला आपल्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर निजवलं आणि पलीकडच्या दवाखान्यात न्यायला टॅक्सी होड्यांवर चढवली. होड्या डुलत होत्या, फळ्या करकरत होत्या, पेट्रोलच्या वासात खाडीच्या चिखलाचा वास मिसळला होता.

"काका, आये कित्याक रडता?"

"तू हो ठोकळो घट्ट धर गो. सोडलंस तर गाडी पाण्यात जातली."

बोटं पांढरी पडली तरी मी सोडला नाही. पलीकडचा काठ काही केल्या जवळ येत नव्हता.

आई आठ दिवसांनी घरी आली. बाळ आलं नाही. अजूनही होडीत बसले की माझे हात काहीतरी धरायला शोधतात.

"बाई, हात काढा," संग्रहालयातला माणूस म्हणाला. "गाडी गिअरमध्ये आहे, हलायची नाही. आणि सुटलीच, तर तुमच्या हातांनी थोडीच थांबणार?"

हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. खाडी ओलांडेपर्यंत मी एकदाही मान वर करून मागच्या सीटकडे पाहिलं नव्हतं.