जुन्या पत्रावर नवं पत्र

वडवणीतल्या एका कार्यालयात मी कंत्राटी ऑपरेटर होते. करार दर अकरा महिन्यांनी वाढायचा. त्या वर्षी तो वाढणार की नाही, हे माझ्या कामाच्या शेऱ्यावर होतं, आणि नेमकं तेव्हाच संगणकांनी मान टाकली. कुठलंही पत्र उघडा, दोन-दोन मिनिटं पडदा पांढराफटक. आतून साहेबांची घंटी वाजत राहायची.

शेजारच्या टेबलावरचे वरिष्ठ कारकून, ऑफिसात सगळ्यांचेच काका, रोज माझ्या डब्यातला ठेचा खायचे. म्हणायचे, "लई मनाला लावून घिऊ नको पोरी. मशीनच तसली हाय, तू काय करशील?" मला तेवढाच आधार वाटायचा.

व्हायरस शोधला, नको ते पुसलं, फरक शून्य. मग ध्यानात आलं की कोरं पान झटकन उघडतंय, अडतंय ते जुनं पत्र. आमच्याकडे कोऱ्या पानावर कुणी लिहायचंच नाही. जुनं पत्र उघडायचं, मजकूर बदलायचा, नव्या नावानं ठेवायचं. त्या सगळ्या पत्रांचा मूळ नमुना होता भंगारात गेलेल्या एका संगणकावर. प्रत्येक पत्र आधी त्याला शोधायचं, थकायचं, मग उघडायचं.

एकेक पत्र उघडून मी त्याचा त्या नमुन्याशी जोडलेला धागा तोडत बसले. त्यातलंच एक उघडलं. 'कंत्राटी ऑपरेटरच्या संथ कामामुळे पत्रव्यवहार रखडतो. मुदतवाढ देऊ नये.' खाली काकांचं पद. माझ्याच जुन्या अर्जावर टाइप केलेलं. विषयाच्या ओळीत 'आईच्या ऑपरेशनसाठी रजा मिळणेबाबत' तसंच राहिलेलं.

"काका, हे तुमी लिवलं?"

त्यांनी चष्मा पुसला. "वरून इचारलं, काम कावून तटलंय. कुनाचं तरी नाव द्यावंच लागतंय. माजी दोन वर्सं राह्यलीत पेन्शनला. तुला कुठंबी काम घावंल पोरी."

त्यांच्या तोंडचा 'पोरी' मला शिवीसारखा लागला. परक्यानं केलं असतं तर भांडले असते. या माणसानं केसानं गळा कापला होता. पत्र बीडला, जिल्हा कार्यालयात पोचलेलं होतं. करार वाढला नाही.

शेवटच्या दिवशी सगळी पत्रं क्लिक करताच उघडत होती. काका जवळ आले. "त्ये कसं केलंस, लिहून ठिव बरं. नवी पोरगी येनार हाय."

मी मूर्खासारखं सगळं लिहून दिलं. काकांनी कागद वाचला, खाली स्वतःची सही केली आणि साहेबांकडे घेऊन गेले.