पिशवीवरची अक्षरं

व्हिएन्नाच्या ट्राममध्ये सगळे दबक्या आवाजात बोलतात. इथं राहून मीही तसाच झालोय.

आज एक आजोबा चढले, मागोमाग आजी. डोक्याला माकडटोपी, पायमोज्यांवर चपला. "अगं, धर नीट! राजवाडा इकडंच ना?" भर गाडीत खणखणीत मराठी. माना वळल्या, शेजारच्या बाईंच्या भुवया वर गेल्या, आणि माझे हात आपोआप हलले. मांडीवरच्या कापडी पिशवीवर सांगलीतल्या साडीच्या दुकानाचं नाव ठसठशीत छापलंय. ती बाजू मी पोटाशी वळवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिलो.

राजवाडा उलट्या दिशेला होता.

इथल्या थंडीची सवय व्हायला मला दोन हिवाळे लागले. आपल्या माणसांची लाज वाटायला मात्र एवढासा क्षण पुरला.

"विचारू तरी कुणाला? आपलं कुणी दिसत नाही," आजोबा म्हणाले.

काचेत मला आजी दिसल्या. त्या माझ्या पिशवीकडेच पाहत होत्या. मी ती वळवली तेव्हापासून पाहत असाव्यात.

"असेल हो कुणीतरी," त्या हळूच म्हणाल्या. "कामात असेल."