मिनोशिमासान काय म्हणाले

तेत्सुजी मिनोशिमा हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता नाही. जपानमध्येही कुणी ऐकलेलं नाही आणि त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. अठरा वर्षं ते क्योतोच्या एका स्टुडिओत सिनेनट होते आणि त्या अठरा वर्षांत त्यांचं मुख्य काम होतं मरणं. तलवारीचे सिनेमे तेव्हा तिकडे ढिगाने निघायचे. नायक एकटा, त्याच्यावर चालून येणारे वीस जण. त्या विसांतले सातवे किंवा आठवे म्हणजे मिनोशिमासान. 'सान' म्हणजे आपलं 'राव' समजा.

मी त्यांना भेटलो तेव्हा ते ऐंशीचे होते. सिंगापुरात पासिर रिस भागातल्या, वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये खिडकीजवळची खाट. स्मृतिभ्रंशाने त्यांचं इंग्रजी आणि तोडकीमोडकी मँडरिन पुसून टाकली होती, उरली होती फक्त जपानी. त्यांच्या मुलीला जपानी येत नव्हती. मला येते. म्हणून तिने मला बोलावलं आणि एकच काम सांगितलं, बाबा काय म्हणतात ते मला सांगा. आठ महिने दर रविवारी मी ते काम केलं आणि ज्या एका दिवशी खरोखर करायला हवं होतं, त्या दिवशी केलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी त्यांच्यावर गमतीशीर लेख लिहिणार होतो. त्याऐवजी हे लिहितोय.

मी कुशल, पुण्याचा. पुण्यात दर चार घरांमागे एक जण जपानी शिकत असतो, तसा मीही शिकलो. पाच वर्षं संध्याकाळचे क्लास केले, परीक्षा दिल्या, आणि त्या जोरावर सिंगापुरात एका जपानी कंपनीत लागलो. टोकियोचे साहेब आणि इथले इंजिनीअर यांच्यामध्ये बसून इकडचं तिकडे करायचं. आमच्या क्लासच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की दुभाष्याला मत नसतं. कानावर पडेल ते सगळं सांगायचं, मूर्खपणाचं वाटलं तरी सांगायचं. ऑफिसात मी हा नियम कधी मोडला नाही. मोडला असता तर नोकरी गेली असती.

मिनोशिमासानची मुलगी कॅरिन माझ्या बायकोच्या, ऋताच्या, लॅबमध्ये काम करते. सदतिसाव्या वर्षीही तिला कुणी आडनाव विचारलं की ती किंचित थांबते. सिंगापुरात जपानी माणसांना तोटा नाही, मग मलाच का, असं मी पहिल्या रविवारी विचारलं.

"जपानी माणसासमोर मला लाज वाटते," ती म्हणाली. "मुलगी आहेस आणि बापाचं बोलणं कळत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तुम्ही बाहेरचे आहात. तुम्ही फक्त सांगा, ते काय म्हणतात. एव्हरीथिंग. कॅन?"

मी म्हटलं, "कॅन." म्हणजे इथल्या इंग्रजीत, जमेल.

बाकीचं आयुष्य मला तिच्याकडून, एका जुन्या फोटोंच्या डब्यातून आणि थोडंफार मिनोशिमासानकडूनच कळलं. वडील मासेमार. हा मुलगा अठराव्या वर्षी घरातून पळून क्योतोला गेला. चेहरा बरा होता, पण नायकाचा नव्हता. स्टुडिओत एक मोठी खोली असायची, तिथे बिननावाचे सगळे नट सकाळपासून मेकअप करून बसत आणि हाक आली की उठून मरायला जात. मिनोशिमासानची खासियत म्हणजे जिन्यावरून उलटं पडणं. जानेवारीत कालव्यात पडायचं असेल तरी त्यांनाच बोलावत, कारण ते कुरकुरत नसत. पडल्यावर सीन संपेपर्यंत हलायचं नाही. नायक त्यांच्या प्रेताशेजारी उभा राहून चार-चार मिनिटं भाषण करी आणि हे श्वास रोखून ऐकत पडलेले.

मग तलवारीच्या सिनेमांचे दिवस संपले आणि मोठी खोली रिकामी झाली. चौऱ्याऐंशी साली सिंगापुरात एका टीव्ही मालिकेसाठी जपानी दिसणारा आणि जपानी बोलणारा माणूस हवा होता. मालिका युद्धातल्या जपानी राजवटीवरची. मिनोशिमासान तीन महिन्यांसाठी आले, गणवेश बेतणाऱ्या चिनी मुलीच्या प्रेमात पडले आणि परत गेले नाहीत.

सासूने लग्नाला एका अटीवर होकार दिला. युद्धात तिच्या थोरल्या भावाला जपानी सैनिक चौकशीला म्हणून घेऊन गेले होते, तो परत आला नाही. तिने सांगितलं, माझ्या घरात ती भाषा ऐकू येता कामा नये. आता दुसरा एखादा असता तर म्हातारीची पाठ फिरल्यावर लेकीशी दोन शब्द बोलला असता. मिनोशिमासाननी तीस वर्षं अट पाळली, अगदी म्हातारी गेल्यावरसुद्धा. याचा मला राग येतो. एवढं कशाला सरळ वागायचं? पण कुरकुर न करणं हाच त्यांचा धंदा होता.

पोटासाठी ते एका जपानी सुपरमार्केटमध्ये मासे कापायचे. अधूनमधून मालिकेचं बोलावणं यायचं, आणि काम एकच, क्रूर अधिकारी. गंमत बघा, जन्मभर पडणाऱ्या माणसाला इथे उभं राहून ओरडायला मिळालं. कॅरिनने बापाची जपानी ऐकली ती फक्त टीव्हीवर, तीही ओरडतानाची. ती चौथीत असताना एक मालिका फार गाजली. मिनोशिमासान तिच्यात एका आजीबाईंच्या थोबाडीत मारतात. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी कॅरिनला घेरलं आणि तिला सलाम ठोकायला लागले. त्या संध्याकाळी तिने बापाला सांगितलं की मला न्यायला शाळेत येऊ नका, रस्त्यात हाकही मारू नका.

"त्यांनी मान हलवली," कॅरिन मला म्हणाली होती. "दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी आले नाहीत. नंतर घरात कधी विषय निघाला नाही. मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचंय की त्यांना काय वाटलं. आता डोकं ठिकाणावर नाही, माहितीय मला. तरी चुकून काही निघालं तर."

पण आता तोंडून निघत होते ते संवाद. जेवणाची वेळ झाली की ते व्हीलचेअरवरून गरजायचे, "रांगेत उभे राहा! नाव सांगा!" म्यानमारची नर्स घाबरून ट्रे घेऊन पळायची. एकदा शेजारच्या वॉर्डातल्या नव्वदीच्या आजींनी ते ऐकलं आणि त्या रडत पलंगाखाली शिरायला लागल्या. नर्सिंग होमने कॅरिनला बोलावून सांगितलं की यांना दुसरीकडे हलवावं लागेल.

तेव्हा मी मध्ये पडलो. मॅनेजरबाईंना समजावलं की हा माणूस नट होता, हे सगळे मालिकेतले संवाद आहेत, यात मनातलं काही नाही. नर्सना युक्ती सांगितली की संवाद संपला की टाळ्या वाजवा, नट शांत होतो. युक्ती अशी लागू पडली की बोलायची सोय नाही. टाळ्या पडल्या की मिनोशिमासान कमरेत वाकून नमस्कार करायचे आणि मुकाट्याने जेवायचे. त्यांना हलवायचं रद्द झालं. कॅरिनने मला तीन वेळा थँक यू म्हटलं, आणि मला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. घरी येऊन ऋतालाही मी ते दोनदा ऐकवलं.

पुढे पुढे मी ऐकायचोही अर्धंच. त्यांनी तोंड उघडलं की कॅरिन माझ्याकडे बघायची, मी म्हणायचो "संवाद," आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो होतो. कॅरिन संत्रं सोलत होती. मिनोशिमासान अचानक व्हीलचेअरचे हात धरून उठले, आम्ही धरायच्या आत जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि तळवे पुढे ठेवून वाकले. मग बोलले. आवाज खालचा होता, भाषा जुनी, तलवारीच्या सिनेमातली. पन्नास वर्षांपूर्वीच्या पडद्यावरचा सरदार बोलतो तशी.

ते म्हणाले, "रस्त्याच्या अलीकडे मी झाडाखाली उभा असे. तू पलीकडे असायचीस. हाक मारायची नाही असं ठरलं होतं, म्हणून मारली नाही. तू एकदाही वळून बघितलं नाहीस. योग्यच केलंस. पण मी रोज आलो होतो, एवढं तुला माहीत असावं."

कॅरिनने विचारलं, "काय म्हणाले?"

मला प्रत्येक शब्द कळला होता. मी म्हटलं, "जुन्या सिनेमातलं आहे. बदनाम झालेला सरदार मुलीचा निरोप घेतो, तसला सीन. भाषा काय सुंदर आहे पण."

"वा," कॅरिन हसून म्हणाली. "याला तर अवॉर्ड मिळायला हवं."

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. नर्सनेही दारातून वाजवल्या. मिनोशिमासाननी मान वर करून कॅरिनकडे बघितलं, मग माझ्याकडे. थोड्या वेळाने नटाने करावा तसा नमस्कार केला. आम्ही त्यांना उचलून खुर्चीत बसवलं आणि कॅरिनने त्यांना संत्र्याच्या फोडी भरवल्या.

त्यानंतर ते बोलले नाहीत. संवादही बंद झाले. नर्स म्हणाली, बरं झालं, शांत झाले. सोळा दिवसांनी न्यूमोनियाने गेले.

डब्यात एक पत्ता होता, क्योतोच्या मोठ्या खोलीतल्या त्यांच्या दोस्ताचा. कॅरिनच्या वतीने मी त्यांना मृत्यूची बातमी कळवली. पत्राच्या शेवटी, मला लेखात मिरवायचं होतं म्हणून, तो सगळा संवाद लिहून विचारलं की हा कुठल्या सिनेमातला. दीड महिन्याने उत्तर आलं. थरथरत्या अक्षरात त्या गृहस्थांनी लिहिलं होतं, "आमच्या खोलीत ज्याला बोलायला एखादं वाक्य मिळे, तो त्या रात्री सगळ्यांना साके पाजत असे. मिनोशिमाने मला अकरा वेळा पाजली. ती अकरा वाक्यं मला पाठ आहेत. 'कोण आहे तिकडे', 'पकडा त्याला', अशी. आपण लिहिलेला संवाद कोणत्याच सिनेमात नाही. आमच्यासारख्यांना एवढं बोलायला कोण देणार?"

मी ते पत्र एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, वाचलं आणि माझ्या सेंगकांग स्टेशनला उतरायचं विसरलो. मालिकांमध्ये तर ते फक्त ओरडत. म्हणजे ते शब्द त्यांचे स्वतःचे होते. जन्मभर बोलायची सवय नाही, घरात भाषेला बंदी, मग मनातलं सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी प्रेत होऊन ऐकलेली भाषा वापरली. दुसरी भारदस्त भाषा त्यांना माहीत कुठे होती? आणि मी, पाच वर्षं परीक्षा देऊन शिकलेला शहाणा, ती भाषा ऐकून म्हणालो, सिनेमातलं आहे.

घरी आल्यावर ऋताला सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुला भाषांतर करायला बोलावलं होतं ना रे? परीक्षण लिहायला नाही."

"आता सांगून काय होणार? तिला उगाच त्रास."

"हे पण तूच ठरवणार का?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कॅरिनच्या फ्लॅटवर गेलो. टीव्हीशेजारी मिनोशिमासानचा फोटो होता, मासे कापायच्या ॲप्रनमधला. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं, पत्राचं आणि माझ्या चुकीचं. मग त्यांचं ते बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द, पहिल्यांदाच.

ती रागावेल अशी माझी तयारी होती. ती रागावली नाही. म्हणाली, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं.

"शाळेसमोरच्या बस स्टॉपला जाहिरातीची काच होती," ती हळू म्हणाली. "तिच्यात पलीकडचा रस्ता दिसायचा. ते झाडाखाली असायचे, पांढरे गमबूट घालून. जेवणाच्या सुट्टीत धावत येत असणार. अगदी रोज. प्रायमरी संपेपर्यंत. मी काचेतून बघायचे. वळले असते तर त्यांना वाटलं असतं आपण पकडले गेलो, मग आले नसते. म्हणून वळायचे नाही."

मग ती माझ्याकडे वळली.

"त्यांना वाटत होतं मी बघितलंच नाही?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"हो."

तिने तोंडावर हात धरला आणि रडली. मीही रडलो, आणि ज्याने हे केलं त्याने तिच्यासमोर बसून रडावं याचीही मला लाज वाटत होती. ती म्हणाली, "मी तिथेच होते, कुशल. हातभर अंतरावर. दोन शब्द सांगायचे होते फक्त. आणि मी टाळ्या वाजवल्या."

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "'मी तुम्हाला बघत होते' हे जपानीत कसं म्हणतात?"

मी सांगितलं. ती फोटोकडे बघून म्हणाली. उच्चार चुकला. तिने मला दुरुस्त करायला सांगितलं, मी केला. पुन्हा चुकला, पुन्हा केला. चौथ्या वेळी नीट आला.

"हे त्यांना कळलं असतं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "कळलं असतं."