ट्रेमधल्या पट्ट्या

नंदाबाई पुन्हा ऑपरेशन थिएटरात जातील की नाही, हा घोर माझ्या मनातून जात नाही. बावीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं धुतलेली ही बाई आज दवाखान्याचा जिना पुसत होती. आणि ते माझ्यामुळे.

नंदाबाई मूळच्या मंठ्याच्या. नवरा गेल्यावर नवीन जालन्यातल्या या दवाखान्यात झाडूकामाला लागल्या. हाताची सफाई बघून डॉक्टरांनी थिएटरात घेतलं. दुर्बिणीची प्रत्येक नळी धुतली की त्या ती उजेडाकडे धरून आरपार बघतात. "मावशी, दिसला का चंद्र?" म्हणून तरुण डॉक्टर त्यांना चिडवतात. पोटातून काढलेली गाठ ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची, हेही त्यांचंच काम. आमच्याकडे ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऑपरेशन झालं असं कुणाला वाटतच नाही.

माझ्या आकांक्षाच्या गर्भपिशवीला मोसंबीएवढी गाठ होती. डॉक्टरांनी ती काढायच्या मशीनबद्दल सांगितलं, ते निम्मं इंग्रजीत. मी बी.ए. झालेली; पुन्हा विचारायची लाज वाटली, नुसती मान हलवली. नंदाबाईंनी ते ओळखलं असावं. पोरीला आत नेताना मला हळूच म्हणाल्या, "ताई, गाठ अख्खी न्हाई निघायची. नळीच्या तोंडाला पातं फिरतं, ते पट्ट्या काढतं. मोसंबीच्या सालीवानी. भिऊ नका."

मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. झाडूवाल्या बाईकडून काय समजून घ्यायचं, असंच वाटलं.

दोन तासांनी ट्रे आला. त्यात फिकट गुलाबी पट्ट्यांचा ढीग. माझ्या डोक्यात एकदम आलं, की गाठ आतच राहिली आणि हे दुसऱ्याच कुणाचं आहे. मी सगळ्यांसमोर तसं बोलले. दीर रामराव मोबाईलवर शूटिंग करायला लागले, बाकीच्या पेशंटचे लोक जमले. नंदाबाईंनी ट्रे कलू दिला नाही.

"ताई, मी आधीच सांगितलं होतं ना?"

"तुम्ही मला काही सांगितलेलं नाही," मी म्हणाले. डॉक्टर तेव्हा दारातच उभे होते.

त्यांनी आम्हाला फोटो दाखवून समजावलं, रामरावांनी शूटिंग पुसून टाकलं. पण नातेवाइकांना कल्पना न देता ट्रे बाहेर नेला, म्हणून नंदाबाईंना थिएटरातून काढलं. तेव्हाही मी गप्प बसले.

आज टाके काढायला गेलो तर त्या जिन्यावर भेटल्या. ओले हात पदराला पुसत विचारलं, "पोरगी जेवती का आता बराबर?" मी हो म्हणून पुढे झाले. रिक्षात आकांक्षा म्हणाली, "मला भूल देईपर्यंत याच मावशींनी हात धरला होता गं. त्या फरशी का पुसतायत?" मी मांडीवरची फाईल उघडली.

डॉक्टरांचा नंबर फाईलवर आहे. उद्या ओपीडी सुरू व्हायच्या आत त्यांना फोन लावणार आहे. नंदाबाईंनी मला सांगितलं होतं, मी खोटं बोलले, एवढं आधी सांगेन. मग विचारेन, हेच सगळ्या स्टाफसमोर सांगायला किती वाजता येऊ.