रात्री बारा वाजता डोक्यावर सूर्य

भोरच्या बाजारातल्या एका दुकानात मी कॉम्प्युटरवर पत्रिका काढून द्यायचे. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. नाव, गाव, जन्माची तारीख आणि वेळ टाकायची, की प्रिंटर करकरत कुंडली बाहेर टाकायचा. लग्नं जमवायच्या दिवसांत पार वेल्ह्यापासून माणसं एस.टी. बदलत यायची. कुणी शंका काढली की मी ठसक्यात सांगायचे, "माणूस चुकेल, कॉम्प्युटर नाही चुकत."

त्याच सुमारास किकवीच्या एका मुलाशी माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगा हायवेवरच्या कारखान्यात कामाला. बघायला आला तेव्हा त्यानं मला एकच विचारलं, "लग्नानंतर दुकान सोडणार का?" मी नाही म्हणाले. "बरं झालं," म्हणाला. मला तो तिथंच आवडला, खोटं कशाला बोलू? माझी पत्रिका आमच्या आळीतल्या गुरुजींनी हातानं लिहिलेली होती, पण मुलाच्या आईला ती चालेना. तिला कॉम्प्युटरचीच हवी होती.

नेमकी त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीकडून नव्या आवृत्तीची सीडी आली. ती मीच टाकली आणि माझ्याच हातानं माझी पत्रिका काढली. बाराव्या घरात मंगळ! कडक मंगळ! तिसऱ्या दिवशी किकवीहून निरोप आला, "पोरगी चांगली हाय, पर आमाला आमच्या पोराचा जीव प्यारा हाय."

वडिलांनी गुरुजींना ती पत्रिका दाखवली. गुरुजी तडक दुकानात आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझा जन्म रात्री बारा वीसचा. मग रवी दशमात कसा? रात्री बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो का गं?"

"हे कॉम्प्युटरनं काढलंय गुरुजी, बोटं मोजून नाही," मी फटकन बोलले. दुकानातली माणसं फिदीफिदी हसली. गुरुजी चपला घालून निघून गेले. माझं लग्न मोडणाऱ्या यंत्राची बाजू घेऊन मी माझ्याच माणसाला घालूनपाडून बोलले. असला गाढवपणा!

पुढचे चार महिने मी आळीत मंगळाची पोरगी झाले. हळदीकुंकवाला गेले की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. आईनं मंगळवार धरले. एका बिजवराचं स्थळ आलं, दोन पोरांचा बाप. त्याला मंगळ होता, एवढीच त्याची लायकी.

आणि मग कंपनीचं पत्र आलं. नव्या आवृत्तीत रात्री बारा ते एकचे जन्म दुपारचे धरले गेले, चूक आमची आहे, दुरुस्त केलेली सीडी सोबत पाठवत आहोत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. गैरसोय! एस.टी. चुकली की गैरसोय होते. इथं माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

दुकानदार म्हणाला, "गुपचूप टाक सीडी. बोभाटा करू नको."

"माझ्या मंगळाचा झाला तेव्हा कुठं होतात?" म्हणत मी पत्र त्याच्या हातातून ओढून घेतलं. नवी सीडी टाकून पत्रिका काढली. मंगळ सहाव्या घरात, म्हणजे दोष नाहीच. गुरुजींनी लिहिलं होतं अगदी तसंच.

मी आधी गुरुजींकडे गेले. त्यांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरातीमागून घोडं. आणि चार लोकांत माझं हसं केलंस, त्याचं काय?"

"चुकलं माझं. चार लोकांतच माफी मागते."

दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानात बोलावून, भर गिऱ्हाइकांत मागितली. जीभ रेटत नव्हती, पण मागितली.

वडिलांनी पत्राची झेरॉक्स आणि नवी पत्रिका किकवीला पोचवली. चार दिवसांनी तो मुलगा बाईकवरून दुकानात हजर. नवा शर्ट, तोंडभर हसू. "आई तयार झाली. आता काय अडचण न्हाई. चूक कंपनीची होती."

"आणि तुमची?"

"माझी काय चूक? म्या काय केलं?"

खरंच त्यानं काहीच केलं नव्हतं. चार महिन्यांत एकदा दुकानाची पायरी चढला नाही, कुणाच्या हाती शब्द धाडला नाही.

"त्या कंपनीचं आणि माझं नातं काय?" मी म्हणाले. "तरी तिनं लेखी दिलं, चूक आमची म्हणून. तुमच्या तोंडून एक शब्द निघू नये?"

"झालं गेलं. आता कशाला उकरून काढता?"

तो मला अजून आवडत होता, म्हणूनच डोकं जास्त फिरलं. "आईंना सांगा," मी म्हणाले, "मुलीला मंगळ नाही, पण मुलगी नाही म्हणते."

त्याचं हसू गेलं. बाईकची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "इचार करा. मंगळ गेला तरी गावात नाव खराब झालंय तुमचं. आता दुसरं कोण येणार हाय?"

तोवर मनात थोडी चलबिचल होती. ते ऐकलं आणि तीही संपली.