डरावरावची पाठ

करंगळी वर झाली की थांबायचं, हा आमच्या लायब्ररीतला पहिला नियम होता. भिंतीवरच्या छापील नियमांत तो नव्हता. दाराशी स्टुलावर बसलेले शिपाईमामा क्रोशाची सुई चालवत असत आणि टाके मोजायची वेळ आली की डाव्या हाताची करंगळी उभी करत. मग समोर कोणीही असो. एकदा आमचे अध्यक्ष, पनवेलच्या कोर्टातले नावाजलेले वकील, निथळती छत्री हातात धरून उंबऱ्यात उभे राहिले. करंगळी वर होती. वकीलसाहेब थांबले. "एकोणचाळीस, चाळीस," असं पुटपुटून मामांनी करंगळी खाली घेतली, मग उठून रीतसर सलाम केला.

"रागावू नका सायेब. मधीच उठलो असतो तर चाळीस घरं परत मोजायला लागली असती."

मी तेव्हा तिथे लेखनिक होते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. पनवेलला अजून रेल्वे आली नव्हती, आणि बाईमाणसानं खुर्चीवर बसून पुस्तकांच्या नोंदी करणं हा गावात बघण्याचा विषय होता. पण माझ्यापेक्षा लोक मामांकडे जास्त बघत. सहा फुटी, मिशाळ, खाकी कपड्यातला बाप्या लोकर विणतोय, हे दृश्य तुम्ही तरी कुठे पाहिलं असेल?

मामा जासईकडचे. घर मिठागरातलं, बाप-आजा मीठ ओढत आलेले. हे मात्र लढाईच्या वेळी पलटणीत भरती झाले आणि थेट इटलीला पोचले. तिथे डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांतून गोळी गेली. बोटं राहिली, पण वाकून बसली. इस्पितळातल्या गोऱ्या नर्सनं त्यांच्या हातात क्रोशाची सुई दिली आणि रोज चार तास विणायला लावलं. "आमी वीस जण होतो वार्डात," मामा सांगत. "सगले जवान, आन् सगले लेस इनतात. पंजाबी होता एक, त्यानं तर पलंगाला झालर केली."

ती सवय सुटली नाही. लायब्ररीतल्या माठाला जाळीचं झाकण होतं, घड्याळाला टोपी होती, अध्यक्षांच्या खुर्चीच्या पाठीला फुलांची पट्टी होती. एकदा वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एका कापडवाल्यानं चारचौघांत म्हटलं, "मामा, आता बांगड्याही भरा." मामांनी सुई खाली ठेवली आणि तो वाकडा हात त्याच्यापुढे धरला. "भर की. चढतात का बग." कापडवाला पेपरात तोंड घालून बसला तो संध्याकाळपर्यंत.

मला क्रोशा येत नव्हता. आईची त्यासाठी पुष्कळ बोलणी खाल्ली होती. मला तो शिकवला मामांनी, दुपारी लायब्ररीत चिटपाखरू नसायचं तेव्हा. बाकी सगळ्यांना ते साहेब म्हणत, मला मात्र 'बाय' आणि 'तू'. साखळी, खांब, मग सगळ्यात ठेंगणा आणि घट्ट बसणारा टाका, त्याला मुका खांब म्हणतात. माझा टाका चुकला की ते ओरडत नसत. नुसतं म्हणत, "उसव बाय. उसवण्यात लाज नाय."

मामांची बायको बाळंतपणात गेली होती. मुलगी जासईला त्यांच्या बहिणीकडे वाढत होती. मामा शनिवारी संध्याकाळी घरी जात, आणि जाताना आमच्याकडे येणाऱ्या एका साप्ताहिकाचं बालविभागाचं पान घेऊन जात. त्या पानावर चित्रांची एक गोष्ट यायची. पोलीस हवालदार असलेला एक बेडूक, नाव डरावराव. पोट सुटलेलं, टोपी तिरकी, चोर समोरून गेला तरी हा डासच पकडतोय. पलटणीत मामांना रोमन अक्षरं शिकवली होती, आपली बाळबोध लिपी मात्र त्यांना वाचता येत नसे. म्हणून शनिवारी दुपारी मी त्यांना डरावराव वाचून दाखवायची. ते तो पाठ करत आणि रात्री मुलीला जसाच्या तसा सांगत. एकदा माझ्याकडून एक वाक्य गळलं, तर सोमवारी येऊन म्हणाले, "बाय, तिसऱ्या चित्रात तो तोंड उघडून हाय. पोर इचारते, बोलला काय?"

मुलगी सात वर्षांची असताना तिची पाठ दुखायला लागली. आधी आत्याला वाटलं पडली असेल. मग ती वाकून चालायला लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी मुंबईला नेण्यास सांगितलं. मणक्याचा क्षय निघाला. त्या काळी त्यावर एकच इलाज होता. छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालून मुलाला महिनोन्‌महिने उताणं निजवायचं. मुंबईच्या इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात अशी तीस-एक पोरं ओळीनं छताकडे बघत पडलेली असत.

मामा दर रविवारी मोऱ्याच्या बंदरातून लाँच धरून मुंबईला जात. तिसऱ्या की चौथ्या रविवारनंतर सोमवारी ते माझ्या टेबलापाशी आले. "पोर डरावराव मागते. कागदाचा नको म्हणते. हातात धरायचा हाय."

त्यांनी पलटणीचा हिरवा स्वेटर पेटीतून काढला आणि उसवला. तो स्वेटर ते थंडीत रोज घालत. वाफेवर धरून त्यांनी लोकर सरळ केली आणि डोक्यापासून सुरुवात केली. सहा मुके खांब, मग बारा, मग अठरा. गोल वाढत गेला, गालापाशी फुगला, गळ्यापाशी आवळला. आत सावरीचा कापूस. डोळ्यांना बटणं लावणार होते, पण नर्सनं बजावलं होतं की पोरं बटणं गिळतात. म्हणून डोळे पांढऱ्या दोऱ्याचे विणले. समोरून बघाल तर हुबेहूब डरावराव झाला. मग मामा अडले.

"बाय, ह्याची पाठ कशी हाय?"

आम्ही साप्ताहिकाचे दोन वर्षांचे अंक काढले. डरावराव समोरून होता, बाजूनं होता, झाडावर होता, विहिरीत होता. पाठमोरा एकदाही नव्हता.

"साधी करा ना," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"पोर बघणार. तिनंच इचारलंय. म्हणते, बाबा, त्याची पाठ कशी असल?"

मग आम्ही डरावराव काढणाऱ्या चित्रकाराला साप्ताहिकाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. मुलगी आजारी आहे वगैरे काही मामांनी लिहू दिलं नाही. एवढंच लिहिलं की हवालदारसाहेबांची मागची बाजू कशी आहे ते कळवावे. मामांनी आठ दिवस बेडूक तसाच ठेवला, पाठीकडून उघडा, कापूस दिसणारा. उत्तर यायचं नाही असं मी धरून चालले होते. पण कार्ड आलं. त्यावर पाठमोरा डरावराव होता. कोटाचा एक टाका सुटलेला आणि विजारीच्या बैठकीवर मोठं चौकोनी ठिगळ. खाली लिहिलं होतं : आजवर कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे मलाही ठाऊक नव्हतं. काढून पाहिलं तेव्हा कळलं.

मामा त्या कार्डाकडे बघून हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. ठिगळासाठी त्यांनी पलटणीत पायांना गुंडाळायच्या आपल्या जुन्या खाकी पट्टीचा तुकडा कापला.

त्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. मुलीनं बेडूक दोन्ही हातांनी डोळ्यांवर उंच धरला, तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, आधी उलटा केला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "याला पन ठिगल हाय." तिच्या प्लास्टरला कुशीपाशी तडा गेला होता आणि तिथे नव्या प्लास्टरचा पांढरा तुकडा लिंपला होता. शेजारच्या खाटेवरचा पोरगा म्हणाला, "मला दाखव." तिनं दिला नाही.

दोन वर्षांनी मुलगी बरी झाली. म्हणजे जगली. पाठीला बाक राहिला, एक खांदा वर राहिला. डॉक्टरांनी मामांना बसवून सांगितलं, ओलीचं घर चालणार नाही, डोक्यावर हंडा घ्यायचा नाही, बांधावरून मैलोन्‌मैल शाळेत चालायचं नाही. जासईच्या घरात तर भरतीला जमीन पाझरायची. इस्पितळातल्या एका बाईंनी पुण्याकडच्या शाळेचं नाव काढलं. पांगळ्या मुलांची शाळा, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, मॅट्रिकपर्यंत.

मामा दोन दिवस नुसते विणत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी विणकाम मांडीवर ठेवून म्हणाले, "बाय, तू शिकलेली. तू काय करशील?"

मी पंचवीस वर्षांची होते. समोर नोंदवही उघडी होती आणि मला ती संध्याकाळपर्यंत संपवायची होती. मी मान वर न करता म्हटलं, "पाठवा. त्यात विचार कसला करायचा? पोरीचं भलं होईल."

"व्हय," मामा म्हणाले. "भलं होईल."

मुलगी घरी येऊन जेमतेम महिना झाला होता. दोन वर्षं छताकडे बघून ती आत्ता कुठे अंगणात हिंडत होती. तिला खरं सांगायची मामांची छाती झाली नाही. "आठ दिवस ऱ्हायचं, डाक्तर तपासतील, मग परत," असं त्यांनी सांगितलं. पळस्प्याच्या नाक्यावर पुण्याच्या गाडीची वाट बघताना आत्याला आठवलं, बेडूक घरीच राहिला. मुलगी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आठ दिसांत येणारच हाय." हे मला मामांनीच सांगितलं, परतल्यावर, स्टुलावर बसून.

महिन्यानं ते तिला भेटायला गेले ते बेडूक पिशवीत घालून. तिनं तो घेतला नाही. एवढंच विचारलं, "आठ दिवस झाले का?"

त्यानंतर मामा वर्षातून दोनदा जात. सुट्टीत मुली घरी जात, ही जात नसे. बोलावलं की म्हणायची, अभ्यास आहे. पत्र यायचं ते शाळेच्या बाईंच्या हातचं. मी विचारलं की मामा म्हणत, "बरी हाय. शिकते. पुण्यावानी बोलते आता, आमचं बोलनं तिला नाय आवडत."

एका दुपारी मी पाहिलं, ते डरावराव उसवत होते. पायापासून सुरुवात केली होती. कापूस स्टुलाखाली ठेवला होता, लोकरीचा गुंडा होत चालला होता. मी उठून जवळ गेले. करंगळी वर नव्हती, मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. दोन दुपारी ते काम चाललं. खाकी ठिगळ त्यांनी खिशात टाकलं आणि हिरवा गुंडा माझ्या टेबलावर ठेवला. "तुला कायतरी होईल, बाय." मी त्याचं काही केलं नाही. मामांनीही पुढे सुई हातात घेतली नाही. वर्षभरात ती दोन बोटं पुन्हा वाकून बसली आणि पाठोपाठ तिसरंही आखडलं. पुस्तकं उचलायला त्रास होऊ लागला, तशी नोकरी सोडून ते जासईला राहायला गेले.

ते गेले ते चैत्रात, चार दिवसांच्या तापानं. निरोप मला आदल्या दिवशी मिळाला तो आजाराचा. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मुलीला तार मीच केली. ती तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा मीही नुकतीच पुन्हा जासईला पोचले होते. सोळा वर्षांची झाली होती. बांधावरून येताना तिचा वर राहिलेला खांदा लांबूनच ओळखू आला.

"तुम्ही लायब्ररीतल्या बाई ना?" तिनं विचारलं. भाषा स्वच्छ, शाळेची.

मी हो म्हटलं. आणि मग सहा-सात वर्षं जे मनात धरलं होतं ते तिथे ओट्यावर, चपलाही न काढता, बोलून टाकलं. "तुला पाठवा असं मी सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं होतं. मी नीट ऐकूनही घेतलं नाही, पाठवा म्हणून मोकळी झाले. त्यांच्या मनात नव्हतं गं."

तिनं हातातली पिशवी ओट्यावर ठेवली.

"मी दर वेळी त्यांना विचारायचे," ती म्हणाली. "कुणी सांगितलं तुम्हाला? आत्यानं? डॉक्टरांनी? मला कुणावर तरी रागवायचं होतं. ते म्हणायचे, कुनी नाय. मी कुनाला इचारलंच नाय, माजं एकट्याचं डोकं."

हे शेवटचं ती त्यांच्याच बोलीत बोलली. तिच्या लक्षातही आलं नसावं.

"मग मी त्यांच्यावरच रागावले," ती म्हणाली.

आत्यानं आतून बसायला बोलावलं, घोंगडी अंथरली. मुलीला जमिनीवर बसता येत नव्हतं, म्हणून ती उभीच राहिली. मग मीही बसले नाही. समोरच्या मिठागरात माणसं मीठ ओढत होती. त्या पांढऱ्या ढिगांकडे बघत आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत ओट्यावर उभ्या होतो.